पेशी कमी, पण आजार कोणता?

पावसाळा संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य घरोघर ऐकू येते: "पेशी कमी झाल्या." डेंग्यू झालेला असतो. चार-पाच दिवस सलाईन लागते, कोणी पपईच्या पानांचा रस आणून देते, कोणी बकरीचे दूध शोधत फिरते आणि आठवड्याभरात पेशी वर येतात. त्या बहुतेक वेळा आपोआपच येतात. श्रेय मात्र पपईला मिळते. त्यामुळे पेशी कमी म्हणजे डेंग्यू, आणि डेंग्यू म्हणजे आठ-दहा दिवसांचे दुखणे, असे आपल्या मनात पक्के बसले आहे.

हा लेख ज्यांच्या पेशी आठ दिवसांनी वर आल्याच नाहीत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ताप नाही, डेंग्यू-मलेरियाची तपासणी निगेटिव्ह, तरी रिपोर्टवर आकडा वीस हजार, कधी दहा हजार. डॉक्टर म्हणतात, "बहुतेक आयटीपी असावा. बघू या." या 'बहुतेक'ने आणि 'बघू या'ने घरच्यांची झोप उडते. आजाराचे नाव जरी कळले तरी माणूस धीर धरतो. इथे नावच कच्चे असते.

आधी एक दुरुस्ती. आपण बोलताना ज्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणतो त्या या नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. इथे कमी होतात त्या प्लेटलेट, शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की तिथे जमून छिद्र बुजवायचे हे त्यांचे काम. त्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. आयटीपी म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा प्लेटलेटनाच परक्या समजते, त्यांच्यावर खूण करते आणि मग मुख्यतः पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, त्या नष्ट केल्या जातात. नवीन प्लेटलेट तयार होण्याचा वेगही यात कमी पडतो. आकडा एक लाखाच्या खाली असेल आणि दुसरे कोणतेच कारण सापडत नसेल, तर डॉक्टर आयटीपी म्हणतात.

सारी अडचण या 'दुसरे कोणतेच कारण सापडत नसेल'मध्ये आहे. विदर्भातल्या आपल्या घरांना सिकलसेल माहीत आहे. सिकलसेलची तपासणी केली की उत्तर मिळते: वाहक, रुग्ण किंवा निरोगी. ते उत्तर दुःखाचे असेल, पण पक्के असते. आयटीपीला अशी एकही तपासणी नाही. प्लेटलेटविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी एक महागडी तपासणी मिळते, पण आयटीपी असलेल्या कित्येकांत ती निगेटिव्ह येते. म्हणून जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये ती नेहमीची तपासणी मानलेली नाही. कोणी ती करायला सांगितली आणि घरात पैसे नसतील, तर "ही न करता चालेल का, हिच्यामुळे उपचार बदलणार आहे का?" असे विचारायला अजिबात संकोच करू नये.

हा आजार डॉक्टरांनाही खूप काळ कोड्यात टाकणारा होता. १७३५ मध्ये वेर्लहोफ या जर्मन डॉक्टराने अंगावर जांभळे डाग पडून रक्त जाणाऱ्या मुलीचे वर्णन केले. पण प्लेटलेट तयारच होत नाहीत की तयार होऊन मरतात, हे त्यानंतर दोनशे वर्षे ठरत नव्हते. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टराने या आजाराच्या एका रुग्ण बाईचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली कोसळल्या, अंगावर ठिपके उठले आणि सुमारे आठवड्याने त्या पूर्ववत झाल्या. रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट मारणारे काहीतरी आहे, हे त्यातून कळले. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. तरीही नावातला 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण अज्ञात असलेला, हा शब्द जाऊन 'इम्यून' हा शब्द २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने ठरवला. तेव्हा डॉक्टर 'बहुतेक' म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. बहुतेक वेळा तेच खरे उत्तर असते.

आता 'दुसरे कारण नाही' हे ठरवतात कसे, ते पाहू. घरच्यांनी नीट माहिती दिली तर इथेच सर्वांत जास्त मदत होते.

पहिला प्रश्न असा, की आकडा खरा आहे का? रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. हजारात एखाद्या माणसाच्या प्लेटलेट या रसायनामुळे बाटलीतच एकमेकींना चिकटतात. मशीन त्या गुठळ्यांना मोजत नाही आणि रिपोर्टवर वीस हजार छापून येते, तर प्रत्यक्ष शरीरात त्या दोन लाख असतात. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ही गोष्ट लगेच कळते. गरज पडली तर निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या बाटलीत पुन्हा रक्त घेतात. अंगावर एकही डाग नाही, कुठून रक्त जात नाही आणि आकडा मात्र भयंकर, असे असेल तर "स्मिअर पाहिला का?" हे अवश्य विचारा. त्याच स्मिअरमध्ये ब्लड कॅन्सरच्या पेशी आहेत का हेही डॉक्टर पाहतात. म्हणजे ज्या भीतीने घर पोखरलेले असते तिच्याबद्दलचा पहिला अंदाज या साध्या, स्वस्त तपासणीतून मिळतो.

मग औषधे. क्षयाच्या उपचारातली रिफाम्पिसिन, मलेरियासाठीची क्विनाइन, काही प्रतिजैविके आणि फिट्सची काही औषधे यांनी प्लेटलेट उतरू शकतात. गेल्या दोन महिन्यांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली पुडी, काढा, भस्म सगळे डॉक्टरांना सांगा. क्षयाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी दाखवा. दारू घेत असाल तर तेही सांगा. दारूने मज्जेतले उत्पादन घटते आणि यकृत बिघडले की पाणथरी वाढून प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही त्या कमी होतात आणि ते इंजेक्शन-गोळ्यांनी भरून निघते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची तपासणी सांगितली की घरात कुजबुज सुरू होते. ती तपासणी या आजारात सगळ्यांचीच करतात, त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. तरुण बाईला सांधेदुखी, गालावर पुरळ, तोंडात फोड असे काही असेल तर ल्युपस नावाच्या आजारासाठी तपासणी होते. पोटाच्या सोनोग्राफीत पाणथरी पाहतात. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाच्या पेशी जन्मापासून कमी असतील तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. आयटीपी म्हणून त्याला वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले जाण्याचे प्रकार घडतात. म्हणून जवळच्या नातेवाइकांची एकदा साधी सीबीसी करून घ्यावी. फारच गुंता असेल तर मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे पाठवायचे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारता येते.

बोन मॅरोची तपासणी प्रत्येकाला लागत नाही. बाकी सगळ्या पेशी व्यवस्थित असतील आणि स्मिअर स्वच्छ असेल तर डॉक्टर ती टाळतात. हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असतील, गाठी असतील, औषधाचा काहीच परिणाम होत नसेल, तर मात्र ती करावी लागते. कमरेच्या मागच्या हाडाला बधिर करून थोडा मगज काढतात. पाठीच्या कण्यातले पाणी काढण्याशी तिचा संबंध नाही आणि त्यातून लुळेपणा येतो ही समजूत निराधार आहे.

नागपूरच्या एका वस्तीतली आमच्या ओळखीची एक ताई आहे. वय अठ्ठावीस, दोन मुले, लग्नसमारंभात पोळ्या लाटायला जाते. तिच्या पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, दंडावर काळेनिळे डाग पडले, पाळीत अंगावरून फार जाऊ लागले. शेजारच्या बायकांनी डाग पाहून नवऱ्यावर संशय घेतला. तो बिचारा रिक्षा चालवून घरी येई आणि लोकांच्या नजरा चुकवी. मग आकडा निघाला अकरा हजार. एका खासगी दवाखान्यात, कागदही नीट न पाहता, "कॅन्सर असू शकतो" असे सांगण्यात आले. त्या एका वाक्यावर घरच्यांनी महिनाभरात तीन दवाखाने बदलले. प्रत्येक ठिकाणी तपासण्या नव्याने झाल्या, तिचे कानातले गहाण पडले. शेवटी सरकारी रुग्णालयात केसपेपरवर आयटीपी लिहिले गेले आणि त्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह होते. तिच्या दहावीत शिकणाऱ्या भावाने ते पाहिले आणि घरी येऊन सांगितले, "त्यांनाच माहीत नाही."

त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ वैद्यकीय लिखाणात 'आमचा संशय यावर आहे, तपास सुरू आहे' असा असतो. पण तो त्यांना कोणी सांगितला नाही. स्टेरॉइडने तिच्या पेशी तीन आठवड्यांत नव्वद हजारांवर गेल्या. चेहरा सुजला, भूक वाढली, झोप उडाली. निदानच पक्के नाही तर ही गोळी कशाला, असे म्हणून घरच्यांनी ती एका दिवसात थांबवली. दहाव्या दिवशी नाकाचा घोळणा फुटला आणि थांबेना. आकडा आठ हजार. त्या रात्री तिला भरती केले आणि ती वाचली.

गंमत अशी, की स्टेरॉइडने पेशी वाढणे हाच निदानाच्या बाजूने एक चांगला पुरावा होता. आयटीपीत औषधाला मिळणारा प्रतिसाद निदान पक्के करायला मदत करतो. हे कोणी दोन मिनिटे बसून सांगितले असते तर ती गोळी थांबली नसती. आपल्या लोकांना समजणार नाही असे गृहीत धरून न सांगण्याची सवय काही दवाखान्यांत आहे. तिच्यावर एकच इलाज आहे: विचारणे. आज माझ्या आजाराबद्दल तुमचा अंदाज काय, कशामुळे तो बदलू शकतो, आणि पुढच्या भेटीपर्यंत मी काय झाले तर लगेच यायचे. एवढे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. सरकारी रुग्णालयात युनिटचा वार ठरलेला असतो. त्याच वारी गेले तर तेच मोठे डॉक्टर भेटतात, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि एका वहीत तारीख, आकडा, चालू औषध आणि कुठे रक्त गेले का, एवढे लिहीत जा. शक्यतो रक्त एकाच लॅबमध्ये तपासा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण फाइल घेऊन जा. तपासण्या पुन्हा पहिल्यापासून करू नका.

आकड्याच्या भीतीबद्दलही बोलले पाहिजे. डेंग्यूमुळे आपल्याला सवय लागली आहे की पन्नास हजार म्हटले की हातपाय गळायचे. आयटीपीत मोठ्या माणसाच्या पेशी तीस हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर डॉक्टर बहुधा औषध न देता लक्ष ठेवतात. लहान मुलांत, ठिपक्यांपलीकडे रक्त जात नसेल तर, आकडा त्याहून कमी असला तरी वाट पाहतात, कारण बहुतेक मुलांचा आजार सहा महिने ते वर्षभरात आपोआप बरा होतो. मोठ्यांत तो अनेकदा रेंगाळतो. बारा महिन्यांपुढे राहिला तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. डॉक्टर औषध देत नाहीत म्हणजे दुर्लक्ष करतात असे नाही. आकडा आज चाळीस, परवा अठ्ठावीस, पुढच्या आठवड्यात पस्तीस हजार असा हलतोच. रोज रक्त तपासून घेणे म्हणजे पैसे आणि मन दोन्ही पोखरणे.

स्टेरॉइड चालू असेल तर ते जेवणानंतर घ्या, पौर्णिमेच्या उपोसथाच्या दिवशीही काहीतरी खाऊन घ्या, आणि डॉक्टर सांगतील तसेच हळूहळू कमी करा. साखर आणि रक्तदाब मोजून घ्या. घरात कोणाला क्षय झालेला असेल तर आधीच सांगा, कारण स्टेरॉइडने दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. ही गोळी महिनोन्महिने चालण्यासाठी नसते. लांबत चालली तर पुढचा पर्याय विचारा. एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्या आहेत, रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन आहे, पाणथरी काढण्याची शस्त्रक्रिया आहे. एल्ट्रोम्बोपॅग दुधाबरोबर चालत नाही. दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर ती घ्यावी. सकाळच्या दुधाच्या चहासोबत गोळी घेणाऱ्याला तिचा पूर्ण गुण येत नाही. पाणथरी काढायची असेल तर आधी ठरावीक लसी घ्याव्या लागतात आणि नंतर आयुष्यभर ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला कोणता उपचार बसतो ते विचारा.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या रक्तदान शिबिरांमुळे आपल्या तरुणांना प्लेटलेट मिळवण्याची धावपळ ठाऊक आहे. पेशी कमी आहेत असे कळताच ते दाता शोधायला निघतात. आयटीपीत मात्र बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही शरीर काही तासांत मारून टाकते. म्हणून त्या फक्त जिवावरच्या रक्तस्रावात किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेत देतात. डॉक्टर प्लेटलेट लावत नाहीत म्हणून वॉर्डात भांडण करू नये. पपई, किवी, बीट यांनीही हा आजार हटत नाही. बीट खायला हरकत नाही, पण त्यासाठी मुलांच्या दुधाचे पैसे मोडू नका.

अंगदुखीला ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक चालत नाहीत; लागली तर पॅरासिटामॉल. कमरेत इंजेक्शन मारून घेऊ नका. दात काढण्याआधी प्लेटलेटचा आकडा दाताच्या डॉक्टरांना दाखवा. उंच बांधकामावर, यंत्रावर, जड ओझ्याखाली काम करणाऱ्यांनी आकडा फार खाली असेल तेव्हा कामाचे स्वरूप बदलून घ्यावे आणि त्यासाठी रुग्णालयाकडून लेखी पत्र मागावे. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, कांदा हुंगवत बसू नका. बसून थोडे पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरा. तरी थांबले नाही, तोंडात रक्ताचे फोड आले, शौच डांबरासारखी काळी झाली, लघवीतून रक्त आले, पाळीत तासाला एक पॅड भिजू लागला, डोक्याला मार लागला, किंवा अचानक भयंकर डोके दुखून उलट्या, गुंगी, बोलण्यात अडखळ सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. मेंदूत रक्तस्राव होणे या आजारात दुर्मीळ आहे. पण झाला तर तासांचा प्रश्न असतो.

मुलगी लग्नाची असेल तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आयटीपी स्पर्शाने, ताटातून, शरीरसंबंधातून पसरत नाही आणि आईकडून मुलांना सिकलसेलसारखा वारशाने जात नाही. या आजाराच्या स्त्रियांची बाळंतपणे होतात. नाव नोंदवतानाच आजार सांगावा आणि रक्तविकारतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूती करावी. बाळाच्याही पेशी जन्मल्यावर काही दिवस तपासतात, कारण आईच्या अँटिबॉडी काही आठवडे त्याच्या रक्तात राहू शकतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत निरोगी बाईच्याही पेशी थोड्या उतरतात, एक लाखाच्या आसपास येतात आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होतात. तेवढ्यावरून तिला आयटीपीचा शिक्का मारू नये.

ती नागपूरची ताई गेली दोन वर्षे औषधाविना आहे. पेशी चाळीस-पन्नास हजारांत फिरतात, ती पोळ्या लाटायला जाते. दर तीन महिन्यांनी वही घेऊन ओपीडीत जाते. ल्युपससारखे काही पुढे उघड होते का, हे डॉक्टर अजून पाहत आहेत आणि केसपेपरवर ते प्रश्नचिन्ह अजून आहे. भाऊ आता बारावीला आहे. वहीतले आकडे तोच लिहितो.